नॅलोक्सोनच्या कुप्या संस्थेने जवळ ठेवल्या तर कायदा काय म्हणतो?

वडाळ्याची वाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दहा-बाराजण वडाळा ते कुर्ला या पट्ट्यात, रेल्वेरुळांलगतच्या वस्त्यांमध्ये आणि पुलांखाली राहणाऱ्या माणसांसाठी आठवड्यातून चार रात्री काम करतो. जेवण, जखमांची मलमपट्टी, आधार कार्डाचे अर्ज आणि कोणी तयार झालाच तर त्याला व्यसनमुक्तीच्या उपचाराला घेऊन जाणे, एवढाच आमचा आवाका आहे. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे झालेली आहे. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. एक निवृत्त परिचारिका मात्र आहेत.

गेल्या महिन्यात एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर गेला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो आदल्याच दिवशी बाहेर आला होता आणि त्याने हेरॉइनची पूर्वीइतकीच मात्रा टोचून घेतली होती. त्याच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणून तो गाढ झोपला आहे असे आम्हाला बराच वेळ वाटत राहिले. ओठ निळे पडलेले दिसले तेव्हा धावपळ सुरू झाली. जिथे नेले तिथे उपचारांच्या आधी पोलिसांना कळवले का, याचीच चौकशी झाली. नंतर तिथल्याच एका तरुण डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितले की, हेरॉइनवर उतारा म्हणून दिले जाणारे नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन पहिल्या काही मिनिटांत मिळाले असते तर कदाचित चित्र वेगळे असते.

तेव्हापासून मी याविषयी वाचते आहे. माझा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. तो म्हणतो की तिथे हे औषध नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि दिवाळीला येताना तो वीस-पंचवीस फवारे घेऊन येईल. आमच्या मनात तीन गोष्टी आहेत. नॅलोक्सोनच्या कुप्या आमच्या खोलीत ठेवता येतील का? त्या व्यसनी मुलांच्या आयांना किंवा सोबत्यांना वाटता येतील का? आणि ते टोचताना काही कमी-जास्त झाले, तर टोचणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल का? कृपया ऐकीव माहिती देऊ नये. आमच्या विश्वस्तांना लेखी मांडायचे आहे.

---

निवृत्त निरीक्षक

ताई, मी औषध निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो. तिसरा प्रश्न वकिलांचा आहे.

नॅलोक्सोन हा अमली पदार्थ नव्हे, हे विश्वस्तांना पहिल्याच ओळीत सांगा, कारण नाव ऐकूनच अर्धे लोक बिचकतात. मेंदूतील ज्या ग्राहींवर हेरॉइन किंवा मॉर्फिन जाऊन बसते, तिथून ते त्यांना हुसकावून लावते. त्याने नशाही येत नाही आणि सवयही लागत नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याशी त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८३पासून आहे आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही विषावरील उताऱ्यांमध्ये त्याचे इंजेक्शन आहे.

तुमची वाट अडवतो तो १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. त्याच्या कलम १८ (क)नुसार कोणत्याही व्यक्तीला, स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कोणामार्फत, परवान्याशिवाय औषध विकता येत नाही, विक्रीसाठी साठवता येत नाही आणि वाटताही येत नाही. हा शेवटचा शब्द संस्थांच्या नजरेतून नेहमी सुटतो. पैसे घेतले नाहीत म्हणजे कायद्याचा संबंध उरला नाही, असा समज असतो. पण कलमात विक्री आणि वाटप ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी उभी आहेत. विनापरवाना वाटपाला कलम २७मध्ये किमान तीन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड सांगितला आहे. हेतू चांगला होता हे न्यायालय ऐकून घेईल, परंतु ते ऐकवायला तुम्हाला न्यायालयात जावे लागेल.

मग परवानाच काढावा, असे कोणी सुचवेल. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान दहा चौरस मीटर जागा आणि नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो. तुमची खोली, मुंबईत असते तशी, दहा बाय दहाची असेल तर ती सव्वानऊ चौरस मीटरच्या थोडी पुढे जाऊन थांबते. त्यामुळे तो विषय इथेच मिटला.

खरी मेख मात्र १९४५च्या औषध नियमांमध्ये आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे आहे, आणि चिठ्ठी कशी असावी हे नियम ६५ सांगतो: ती लेखी असावी, तिच्यावर सही आणि तारीख असावी, एकूण किती औषध द्यायचे आणि त्याची मात्रा किती हे तिच्यात लिहिलेले असावे, आणि ज्या व्यक्तीच्या उपचारासाठी ती दिली त्या व्यक्तीचे नाव व पत्ता तिच्यात असावा. आता विचार करा. हे जगातल्या अशा थोड्या औषधांपैकी एक आहे जे ज्याला हवे असते तो स्वतःला टोचून घेऊच शकत नाही, कारण तो तेव्हा शुद्धीवर नसतो. टोचणारा नेहमी दुसराच कोणी असतो, आणि नियम लिहिणाऱ्याने ज्याच्या नावे चिठ्ठी त्याच्याच हातात औषध, असे सरळ चित्र डोळ्यांसमोर ठेवले होते. उद्या पुलाखाली कोण निळा पडणार आहे त्याचे नाव आणि पत्ता आज कोणता डॉक्टर लिहील? आणि पुलाखाली राहणाऱ्याचा पत्ता तरी काय लिहायचा?

तरीही वाट आहे, ती त्याच नियमांच्या अनुसूची 'के'मधून जाते. या अनुसूचीत नियमांतून दिलेली सूट आणि सवलती आहेत. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक स्वतःच्या रुग्णाला औषध देत असेल, उघडे दुकान चालवत नसेल आणि गल्ल्यावर विक्री करत नसेल, तर त्याला विक्रीचा परवाना लागत नाही. तसेच शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयातून आणि दवाखान्यातून दिलेल्या औषधांनाही सवलत आहे. तेव्हा तुम्ही वाटपकर्ते होऊ नका. एक डॉक्टर गाठा. त्यांनी त्या मुलाला तपासावे, त्याचा कागद करावा, आणि औषध त्यांनी त्याच्या नावे द्यावे. मुलाची आई ते घेऊन घरी गेली तर त्यात गैर काही नाही. डॉक्टरांना त्यासाठी चार गोष्टी पाळाव्या लागतील: औषध परवानाधारकाकडूनच विकत घ्यायचे आणि खरेदीची नोंद बॅच क्रमांकासह ठेवायची, कुपीच्या पाकिटावर आपले नाव, पत्ता आणि वहीतील नोंदीचा क्रमांक लिहायचा, रुग्णाचे नाव, औषध, मात्रा आणि तारीख वहीत चढवायची, आणि ती वही शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षे जपायची.

भाच्याला मात्र थांबवा. नियम ३६ प्रवाशाला स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वैयक्तिक वापरासाठी औषध आणू देतो, शंभर सरासरी मात्रांपर्यंत. पंचवीस फवारे शंभराच्या आतच बसतात, हे खरे. पण तुम्ही इथे जाहीरपणे लिहिले आहे की ते वाटण्यासाठी येणार आहेत. ज्याला स्वतःला नॅलोक्सोनची गरज नाही त्याच्या सामानातले पंचवीस फवारे वैयक्तिक वापराचे आहेत, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

---

काळा कोट

निरीक्षकसाहेबांनी पुरवठ्याचे उत्तर दिले आहे. मी वापराचे देते, आणि हे दोन विषय विश्वस्तांपुढे कृपया वेगवेगळे मांडावेत, कारण एकातली भीती दुसऱ्यात मिसळली की माणसे काहीच करत नाहीत.

समोर बेशुद्ध पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी नॅलोक्सोन टोचणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०चा आधार आहे. १ जुलै २०२४पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ९२ होते. एखाद्याच्या हितासाठी, सद्भावनेने, त्याच्या संमतीविना केलेल्या कृत्यातून त्याला इजा झाली तरी तो गुन्हा ठरत नाही, मात्र तो माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसावा आणि त्याच्या वतीने वेळेत संमती देणारे कोणी तिथे नसावे. कलमाखालची उदाहरणे आमच्या वर्गात फार आवडीने वाचली जात: घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया करणारा, वाघाने उचललेल्या माणसाला वाचवण्यासाठी वाघावर गोळी झाडणारा, जळत्या घराच्या छपरावरून मुलाला खाली धरलेल्या घोंगडीत टाकणारा. पुलाखालचा प्रसंग यात चपखल बसतो, असे माझे मत आहे. मात्र सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे; कायद्यात तिच्यात योग्य ती काळजी आणि अवधान अभिप्रेत आहे. म्हणून प्रशिक्षण घेतल्याची नोंद, कोणाकडून घेतले, कोणत्या तारखेला घेतले, हे कागद तुमच्या बचावाचा पहिला दगड आहेत.

याच्या पलीकडे आपल्याकडे थेट संरक्षण नाही, हेही स्पष्ट सांगते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली असा कायदा केला की ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत मागवणाऱ्यावर आणि त्या रुग्णावर अमली पदार्थ बाळगल्याचा खटला चालू नये. पुढे बहुतेक राज्यांनी तो मार्ग धरला. आपल्याकडे मदतकर्त्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आले, आणि त्याआधी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सेव्हलाइफ फाउंडेशनच्या प्रकरणात त्यासंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले होते. परंतु ते सारे रस्ते अपघातापुरते आहे. गाडीने उडवलेल्याला उचलणारा सुरक्षित आहे आणि त्याच पुलाखाली गर्दने निळ्या पडलेल्याला उचलणारा कलम ३०वर विसंबून आहे.

सोबत नशा करणारा मित्र फोन करायला का कचरतो, त्याचे कारण एनडीपीएसचे कलम २७ आहे: हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ६४-अ मध्ये अशा व्यक्तीला खटल्यापासून सूट आहे, पण तिने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घ्यायला हवेत आणि ते अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. म्हणजे ही सूट उपचाराची आहे, फोन करण्याची नाही. तुम्हाला स्वतःला मात्र एक दिलासा आहे: काही विशिष्ट गुन्ह्यांची खबर देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे, त्या यादीत अमली पदार्थाचे सेवन नाही. मुलगा नशेत दिसला आणि पोलिसांत गेला नाहीत, एवढ्याने तुम्ही दोषी ठरत नाही.

रुग्णालयात पोलिसांची चौकशी आधी झाली, याबद्दल एवढेच म्हणते की परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे: आधी जीव, मग पोलिसी सोपस्कार. विषबाधेची नोंद वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून होणारच, ती चुकत नाही. परंतु ती उपचारांची पूर्वअट नाही. या निकालाच्या दोन प्रती गाडीत ठेवा. मी मस्करी करत नाही, कागद दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो.

---

काउंटरमागून

मी केमिस्ट आहे. माझ्या दुकानात हे इंजेक्शन नाही, कारण दहा वर्षांत त्याची एकही चिठ्ठी माझ्याकडे आलेली नाही. मागवले तर मिळते, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या उपयोगाचे म्हणून रुग्णालयांना जाते. पण मला वेगळीच शंका आहे. ज्यांना आपण गर्दुल्ले म्हणतो त्यांच्या खिशात उतारा असला, तर ते अधिक बिनधास्त होणार नाहीत का? चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणारे रोज येतात, तेव्हा मी 'नाही' म्हणतो आणि शिव्या खातो. इथे मात्र आपण होऊन द्यायचे म्हणता.

---

ओपीडी खिडकी

मी एका सार्वजनिक रुग्णालयातील ओएसटी केंद्रात डॉक्टर आहे, म्हणजे जिथे हेरॉइनच्या जागी रोज समोर बसवून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली दिली जाते. वैद्यकीय भाग मी लिहितो, कारण वर तो कोणीच स्पर्शिलेला नाही आणि त्याच्याशिवाय कायदा कळूनही उपयोग नाही.

काउंटरमागून यांना आधी उत्तर देतो. नॅलोक्सोन मिळालेला माणूस सुखाने उठून बसत नाही. उलटी, घाम, अंगदुखी आणि चिडचिड घेऊन उठतो, आणि पुष्कळदा वाचवणाऱ्यालाच शिव्या देतो, कारण त्याची सारी नशा एका क्षणात उतरलेली असते. असा अनुभव परत यावा म्हणून कोणी मुद्दाम जास्त टोचून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ओव्हरडोसच्या प्रसंगी जे जवळ असण्याचा संभव आहे अशा सर्वांना, म्हणजे सोबती, घरचे आणि कार्यकर्ते यांना, नॅलोक्सोन मिळावे आणि ते वापरायला शिकवावे अशी स्पष्ट शिफारस आहे. आणखी एक विनंती आहे: 'गर्दुल्ला' हा शब्द माझ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाने ऐकला की तो उद्या रांगेत नसतो.

आता ताई, तुमच्यासाठी. इंजेक्शनची नेहमीची कुपी ०.४ मिलिग्रॅमची असते आणि ती मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत देता येते, शीर शोधावी लागत नाही. पुलाखाली हीच मोठी सोय आहे. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी द्यायची, म्हणून एका माणसामागे एक कुपी कधीच पुरेशी धरू नये. पण कुपी हातात येण्याआधी आणि आल्यानंतरही तोंडाने श्वास देणे चालू हवे, कारण माणूस मरतो तो श्वास थांबल्याने, आणि १०८ला फोन त्याआधीच गेलेला हवा. तुम्ही लिहिलेला घोरल्याचा आवाज, निळे ओठ, आणि त्याबरोबर टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, ही तीन लक्षणे सगळ्या कार्यकर्त्यांना पाठ हवीत. खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळून तो जागा होतो का ते पाहावे. झोपलेला माणूस उठतो.

सर्वांत मोठी चूक यानंतर होते. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण तीस ते नव्वद मिनिटे टिकतो आणि रक्तातले ओपिऑइड, म्हणजे हेरॉइन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य, त्याहून जास्त वेळ टिकू शकते. शुद्धीवर आलेला मुलगा 'मी बरा आहे' म्हणून उठून जातो, तासाभराने औषध उतरते आणि दुसऱ्याच कोपऱ्यात त्याचा श्वास पुन्हा थांबतो. त्याला कुशीवर झोपवा, सोडून जाऊ नका, आणि त्याने पुन्हा टोचून घेतले तर नशा चढणार नाही पण धोका दुप्पट होईल हे त्याला समजावून सांगा.

ते काय करत नाही, तेही सांगतो. मुंबईत सध्या ज्या एमडीची धाड वर्तमानपत्रात सतत वाचायला मिळते, म्हणजे मेफेड्रोन, त्यावर नॅलोक्सोनचा काही परिणाम होत नाही. 'बटन' म्हणून मिळणाऱ्या नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांवर आणि दारूवरही नाही. मात्र मुले हे सगळे एकत्र घेतात, त्यात हेरॉइन असेलच तर त्याचा वाटा ते उतरवते, आणि चुकीच्या माणसाला दिले तरी त्याचे नुकसान सहसा होत नाही. म्हणून शंका असेल तर द्यावे, असेच आम्ही शिकवतो. आमच्या केंद्रांत मिळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या जोडगोळीबद्दल एक ठळक सूचना: नावात नॅलोक्सोन आहे म्हणून ती कोणी बेशुद्धाच्या जिभेखाली ठेवू नये. जिभेखालून नॅलोक्सोन जवळजवळ शोषलेच जात नाही, जाते ते ब्युप्रेनॉर्फिन, आणि ते स्वतःच ओपिऑइड आहे.

तुमचा मुलगा आदल्या दिवशी केंद्रातून सुटला होता, हे वाचून मला नवल वाटले नाही. तीन महिन्यांत शरीराची सहनशक्ती उतरते आणि हाताला जुनीच मात्रा आठवते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक असतात, म्हणून निरीक्षकसाहेबांच्या वाटेने जायचे असेल तर सुरुवात सुटून येणाऱ्यांपासून करा: सुटण्याच्या दिवशी डॉक्टरांसमोर बसणे, कागद करणे, आणि दोन कुप्या सिरिंजसह त्याच्या नावे घरी जाणे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत. त्यातल्या एकाच्या आईला शिकवायला मला वीस मिनिटे लागतात.

---

क्लाइडकाठचा कोल्हापूरकर

ग्लासगोहून लिहितो आहे. काळा कोट यांनी पुरवठा आणि वापर वेगळे केले, ते वाचून इथला इतिहास आठवला, कारण ब्रिटननेही ते दोन दरवाजे एकदम उघडले नाहीत. २००५ साली, जीव वाचवण्यासाठी कोणीही टोचू शकेल अशा मोजक्या इंजेक्शनांच्या यादीत नॅलोक्सोन घातले गेले. मात्र औषध पोहोचवायचे कसे, हा प्रश्न तसाच राहिला. स्कॉटलंडने २०११पासून आपला राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, आणि व्यसनोपचार सेवांतील कर्मचाऱ्यांना ते चिठ्ठीशिवाय देता येईल अशी दुरुस्ती संपूर्ण देशासाठी ऑक्टोबर २०१५मध्ये झाली. डिसेंबर २०२४मध्ये देणाऱ्यांचे वर्तुळ आणखी वाढवले. म्हणजे टोचण्याची परवानगी आणि देण्याची परवानगी यांत दहा वर्षे गेली. अमेरिकेत फवारा दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागला तो २०२३ साली, पण शिकागोत कार्यकर्त्यांनी कुप्या वाटायला १९९६ सालीच सुरुवात केली होती. कायदा तिथेही मागूनच आला.

---

निवृत्त निरीक्षक

कोल्हापूरकरांनी आठवण करून दिली म्हणून पुरवणी जोडतो. शिकागोची पद्धत इथे आचरणात आणा असा सल्ला मी देणार नाही, कारण पाच वर्षांचा कारावास भोगायला जाणारे कार्यकर्ते असतील, मी नाही. पण आपल्याकडे कायदा बदलण्याची जागा फार लहान आहे आणि ती ठाऊक असावी.

अनुसूची 'के'मध्ये आधीच एक नोंद अशी आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रांचे बहुउद्देशीय कार्यकर्ते, ग्रामीण योजनेतील आरोग्य स्वयंसेवक, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांनी शासनाच्या आरोग्य कार्यक्रमाखाली दिलेल्या औषधांना विक्री परवान्याची अट लागू होत नाही. म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातून औषध जाणे ही आपल्या नियमांना अपरिचित गोष्ट नाही. हजारापर्यंत वस्तीच्या गावातल्या किराणा दुकानालाही काही घरगुती औषधांपुरती सूट आहे. एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमाखाली सुईने नशा करणाऱ्यांमध्ये काम करणारे समवयस्क कार्यकर्ते त्या नोंदीत नाहीत, एवढेच. त्यांचा आणि नॅलोक्सोनचा उल्लेख करणारी एक ओळ घालायला संसदेत जावे लागत नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाशी विचारविनिमय करून केंद्र शासन अधिसूचनेने नियम बदलू शकते. विनंतीपत्र पाठवायचे असेल तर 'नॅलोक्सोन खुले करा' असे लिहू नका. त्या नोंदीचा उल्लेख करा, तिच्यात कोणते शब्द वाढवायचे ते अवतरणात लिहा आणि चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आगाऊ का लिहिता येत नाही ते पाच ओळींत सांगा. कार्यालयात तयार मसुद्याची फाइल पुढे सरकते, भावना व्यक्त करणारे पत्र बांधून ठेवले जाते.

---

वडाळ्याची वाट

आपणा सर्वांचे आभार. काल रात्री परिचारिकाबाईंबरोबर बसून विश्वस्तांसाठी टिपण केले. चुकले असेल तर सांगावे.

आमच्या खोलीत संस्थेच्या नावे साठा ठेवायचा नाही आणि भाच्याला फवारे आणू द्यायचे नाहीत. त्याला तसे कळवले. तो थोडा नाराज झाला. आमच्या भागात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायचे कबूल केले आहे. त्या मुलांना स्वतः तपासतील, कागद करतील आणि आपल्याच खरेदीतून, आपल्याच वहीत नोंदवून, ज्याच्या नावे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना दोन कुप्या देतील. खरेदीचे पैसे आम्ही त्यांना देणगी म्हणून देऊ. प्रशिक्षण ओपीडी खिडकी यांच्यासारख्या कोणा डॉक्टरांकडून घेऊ, हजेरीपत्रक ठेवू. सुया टोचून झाल्यावर कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्याची व्यवस्था दवाखान्यामार्फतच होईल.

एक अडचण उरते. एकाच्या नावची कुपी प्रसंगी दुसऱ्याला टोचावी लागली तर? आमच्याकडे हे हमखास घडणार आहे. शिवाय ज्यांना पत्ताच नाही त्यांचे काय लिहायचे?

---

काळा कोट

पुरवठा ज्या दिवशी झाला त्या दिवशी तो नियमानुसार एका रुग्णाच्या नावे झाला होता की नाही, हे पाहिले जाईल. त्यानंतर समोर मरणाऱ्याला ती कुपी दिली गेली, तर तो प्रश्न कलम ३०खालचा आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे, असे मी मानते. मात्र असे घडल्यावर त्याच रात्री डॉक्टरबाईंना कळवा, कोणाची कुपी, कोणाला, किती वाजता, एवढे लिहून ठेवा, आणि ज्याची कुपी गेली त्याला डॉक्टरबाईंकडून नवी मिळवून द्यायला वेळ लावू नका. नोंद लपवली की सद्भावनेवर प्रश्नचिन्ह लागते. तसेच 'कोणालाही लागेल म्हणून' एका मुलाच्या नावे दहा कुप्या घेऊ नका. मग ती चिठ्ठी खोटी ठरते आणि त्याचे उत्तर डॉक्टरबाईंना द्यावे लागते, तुम्हाला नाही.

---

ओपीडी खिडकी

पत्त्यासाठी आम्ही 'अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ' असेच लिहितो आणि सोबत्याचे नाव जोडतो. पोस्टमन पोहोचत नसला तरी आमचे कार्यकर्ते पोहोचतात. काचेच्या कुप्या खिशात फुटतात, म्हणून जुन्या चष्म्याच्या पेटीत कापसात ठेवून द्या, आणि पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये ती पेटी कुठे राहणार हे आईला आधी विचारा. लेबलावरचे तापमान तिथे पाळले जाणे कठीण असते. प्रशिक्षणाला मी येतो, बुधवार सोडून.

---

निवृत्त निरीक्षक

टिपण बरोबर आहे. खरेदीचे देयक डॉक्टरबाईंच्या नावे असू द्या, संस्थेच्या नावे नको, आणि देणगीची पावती वेगळी ठेवा. आणखी एक गोष्ट, कारण उत्साहात हे हमखास होते: पाकिटावर 'अमुक संस्थेच्या सौजन्याने' असा शिक्का मारू नका. लेबलावर डॉक्टरबाईंचे नाव, पत्ता आणि नोंदीचा क्रमांक, एवढेच.